शाळेपुढचा उब्बू

रस्ता नवा झाला आणि मी मुख्याध्यापिका झाले, दोन्ही एकाच वर्षी. शाळा कर्नाटक हद्दीतल्या, निपाणी आणि संकेश्वरच्या मधल्या एका गावात, हायवे सोडून थोडी आत. कौलारू, सरकारी, मराठी शाळा. पुढे चिंचेचं झाड आणि झाडापलीकडे लगेच रस्ता, जो पुढे साखर कारखान्याकडे जातो. तो खड्ड्यांचा होता तोवर कुणाला त्याची भीती वाटली नाही. खड्डेच गाड्यांना आवरून धरायचे. नवं डांबर पडलं आणि गाड्या अशा सुटल्या की वर्गात फळ्यावर लिहिताना मागे नुसता सूं-सूं आवाज यायचा.

एके दिवशी शाळा सुटताना एका कारनं दुसरीतल्या मुलाचं दप्तर उडवलं. दप्तर गाडीत अडकून चिंचेपासून देवळापर्यंत फरफटत गेलं, मुलगा जागच्या जागी उभा. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो रडत होता डब्यासाठी. "बाई, आई मारंल." मी त्याला पोटाशी धरलं आणि त्याच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत राहिले. आता काही केलं नाही तर पुढच्या वेळी दप्तर एकटं जाणार नाही, एवढं कळत होतं.

अर्ज कन्नडमध्ये लिहिला. माझं कन्नड नोकरीपुरतं, म्हणून सहकारी शिक्षकांकडून तपासून घेतला आणि निपाणीला रस्त्याच्या ऑफिसात दिला. तिथले इंजिनिअर तरुण होते, धारवाडकडचे. मराठी समजायचं, बोलायचे कन्नडच. ते म्हणाले, "मॅडम, या रस्त्यावर ब्रेकर टाकायला वरून परवानगी लागते. आधी पट्टे मारून बघू."

शाळेच्या दोन्ही अंगांना रस्त्यावर आडवे, जाड, पांढरे पट्टे आले. गाडी त्यांच्यावरून गेली की घरघर आवाज व्हायचा. पहिले काही दिवस सगळे दचकले आणि हळू झाले. मुलं पट्ट्यांवरून उड्या मारत शाळेत यायची. मला वाटलं, झालं काम.

माझे यजमान मला रोज स्कूटरवरून सोडायचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना तेवढंच बाहेर पडायला निमित्त. एका सकाळी त्यांनी पट्ट्यांवर गाडी हळू घेतली तेव्हा माझे दात वाजले. परत वळून त्यांनी तीच गाडी जोरात नेली. गाडी सरळ पार झाली, जणू खाली पट्टे नव्हतेच.

"बघितलंस?" ते म्हणाले. "हळू गेलं की हाडं खिळखिळी, जोरात गेलं की काही नाही. उद्यापासून सगळे जोरातच जाणार."

तसंच झालं. गाड्या पूर्वीपेक्षा जोरात जाऊ लागल्या. त्यात भर म्हणून पट्ट्यांसमोरच्या घरात एक लकवा झालेले आजोबा होते, त्यांची झोप त्या घरघरीनं गेली. त्यांची सून मला रस्त्यात गाठून म्हणाली, "बाई, तुमच्या पोरास्नी राखायला आमचा म्हातारा जागा ठेवलासा व्हय?"

मग पोलिसांकडून दोन लोखंडी बॅरिकेड मिळाले. एका सोनाराची जाहिरात रंगवलेले, चाकांवरचे. एक इकडून, एक तिकडून असे तिरके लावले, म्हणजे गाडीनं नागमोडी जायचं. मोठ्या गाड्या खरंच हळू झाल्या. पण मोटारसायकली बॅरिकेडला वळसा घालायच्या त्या नेमक्या कडेच्या मातीतून, जिथून मुलं चालत होती. म्हणजे मधला धोका आम्ही उचलून कडेला आणून ठेवला होता. शेवटी एका ट्रकनं एक बॅरिकेड चेपला आणि दोन्ही परत गेले.

तोवर मी हट्टाला पेटले होते. ग्रामपंचायतीचे एक जुने सदस्य होते, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"आप्पा, मला ब्रेकर पाहिजे. खात्याची वाट बघत बसले तर माझी मुलं म्हातारी होतील."

ते हसले. "करू की. पुढच्या गल्लीत डांबराचं काम चालूच हाय. उरल्यालं आणून टाकतो."

एका रविवारी दुपारी डांबर आलं. मी शाळा बंद असताना मुद्दाम गेले होते. कामगारांनी रस्त्याच्या आडवा एक ढीग घातला, चोपला आणि माझ्याकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "बाई, बास काय?"

मी म्हणाले, "अजून थोडं टाका. उंच करा."

हे वाक्य माझंच आहे. इंजिनिअर साहेबांनी मला फोनवर सांगितलं होतं की उंची बेतानं असावी, जास्त उंच असला की गाडी जवळपास थांबते आणि मागची गाडी धडकू शकते. मी ऐकून घेतलं होतं. पण डोळ्यांसमोर ते फरफटत जाणारं दप्तर होतं. अजून दोन पाट्या डांबर पडलं.

पुढे कुणीतरी सूचनेचा फलक लावला, कन्नडमधला. रस्त्याच्या उंचवट्याला कन्नडमध्ये उब्बू म्हणतात. मुलांना तो शब्द इतका आवडला की ब्रेकरचं नावच उब्बू पडलं. "बाई, उब्बूवर बसू?" "उब्बूवरनं उडी मारू?"

आणि उब्बूनं काम केलं. इतकं दुसऱ्या कशानंच केलं नव्हतं. मी फाटकात उभी राहून बघायचे. पट्ट्यांवरून गाड्या ओरडत गेल्या होत्या, बॅरिकेडमधून अंग चोरून गेल्या होत्या, इथे मात्र त्या नमायच्या. कारची पुढची चाकं सावकाश चढायची, सावकाश उतरायची. एस.टी.चा ड्रायव्हर मला बघून कपाळाला हात लावायचा, थट्टेनं. पाठ दुखणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसानं मोटारसायकलवरून जाताना मला शिव्या दिल्या, त्याही मी हसून सोडून दिल्या. स्वातंत्र्यदिनाला पंचायतीनं मला शाल आणि नारळ दिला. मी ते घेतलं.

दिवाळी झाली आणि उसाचा हंगाम सुरू झाला.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर दिवसभर ट्रॅक्टर असतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊस. उसाची टोकं बाजूंनी, मागून बाहेर आलेली. पळत्या ट्रॉलीतला ऊस कुणी ओढायला जात नाही. पण आमच्या शाळेपुढे ट्रॅक्टर पळतच नव्हता. उब्बूपाशी तो थांबायचा, गुरगुरायचा, पुढची चाकं वर घ्यायचा, मग एकेक ट्रॉली हिसका देऊन चढायची. त्या हिसक्यानं मोळ्या सैल व्हायच्या.

मुलांना हे कळायला एक दिवस पुरला.

मधल्या सुट्टीत ती झाडाखाली टपून बसायची. ट्रॅक्टर आला की धाव. दोघं ओढायची, दोघं उचलायची. काही ड्रायव्हर ओरडायचे, काही स्वतःच वरून कांडं फेकायचे. मी रागावायचे. प्रार्थनेच्या वेळी सांगायचे, की ट्रॉलीजवळ जायचं नाही. पण रागावण्याचेही प्रकार असतात. माझ्या रागावण्यात मुलांना धार सापडली नसावी.

चौथीत एक मुलगी होती. आई घरी विड्या वळायची, निपाणीच्या कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणून. माझी आईसुद्धा तेच काम करायची, म्हणून त्या मुलीच्या कपड्यांना येणारा तंबाखूचा वास मला घरचा वाटायचा. मुलगी चपळ होती. ओढलेला ऊस गुडघ्यावर मोडून ती बरोबर वाटण्या करायची. एके दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि सोललेलं कांडं माझ्या टेबलावर ठेवलं.

"बाई, घ्या की. लई गोड हाय."

"ट्रॉलीतनं काढलास न्हवं?"

ती नुसती हसली. दारात आणखी तीन-चार जणी उभ्या होत्या, बाई काय करतात ते बघायला.

मी ते कांडं घेतलं. खाल्लं. तोंडात ऊस असतानाच म्हणाले, "परत जाऊ नका हं." त्या खिदळत पळाल्या.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. मधली सुट्टी होती. मी हजेरी बघत होते. बाहेर ट्रॅक्टर गुरगुरला, मुलं धावली, हे ऐकू आलं. रोज ऐकू यायचं. मग एक वेगळा आवाज आला, मुलांचा, एकदम सगळ्यांचा.

उब्बूवर उसाच्या चोयट्या आणि पाचट पडून निसरडं झालं होतं. ती मुलगी बाजूनं एक लांब ऊस ओढत होती. तो निघेना. पहिली ट्रॉली उब्बू ओलांडून गेली तसा ट्रॅक्टरनं वेग घेतला, तिचा पाय घसरला आणि दुसऱ्या ट्रॉलीचं चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं. मी पोचले तेव्हा ती बसलेली होती. रडत नव्हती. पायाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

गावातली जीप मिळाली. निपाणीच्या डॉक्टरांनी बांधून पुढे पाठवलं, बेळगावला. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिची आई पुढे बसली होती, हाताला तंबाखू तसाच. हायवेवर जीप जोरात चालली होती आणि मी मनात म्हणत होते, अजून जोरात. वाटेत जिथे जिथे ब्रेकर लागला तिथे जीप मंदावायची आणि मुलगी कण्हायची.

तिचा पाय वाचला. बोटं वाचली नाहीत, पाचही.

जीप निघण्याआधी जे झालं तेही सांगायला हवं. गावकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला खाली ओढलं होतं. तो विजापूरकडचा, जेमतेम मिसरूड फुटलेला. लोक त्याला मारत होते आणि तो कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा सांगत होता, "मागचं मला दिसत न्हाई हो, मागचं मला दिसत न्हाई." तिथल्या बहुतेकांना कन्नड येत होतं. मलाही येत होतं. मी मुलीला उचलत होते हे खरं. पण एक वाक्य बोलायला हात लागत नाहीत. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस शाळेत आले. विचारलं, "मुलं रोज ऊस काढायची काय?"

मी म्हणाले, "कधीमधी."

तो ड्रायव्हर पोरगा कोठडीत होता. घरी जाऊन यजमानांना हे सांगितलं. ते म्हणाले, "रोज काढायची ना?" सकाळी त्यांनीच स्कूटर बाहेर काढली आणि शाळेच्या आधी ठाण्याकडे वळवली. मी जबाब बदलून दिला. रोज काढायची. मला माहीत होतं. ब्रेकर गावानं घातला होता, माझ्या सांगण्यावरून, आणि तो गरजेपेक्षा उंच होता. फौजदारांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं सांगायची गरज नव्हती." त्या पोराला जामीन मिळाला. मालक येऊन त्याला घेऊन गेला. माझ्या जबाबानं किती फरक पडला ते मला माहीत नाही. तो परत या रस्त्यावर दिसला नाही.

शाळेत पाय टाकताना मला तो उब्बू दिसायचा. मुलं आता त्याच्या जवळ जात नव्हती, त्याला वळसा घालून यायची. मला तो बघवेना. मी पुन्हा आप्पांच्या ओसरीवर गेले.

"आप्पा, तो काढून टाका."

"बाई, तुमीच म्हणलासा उंच करा."

"म्हणाले होते. आता काढा म्हणते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन काढला. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला, आणि सकाळच्या प्रार्थनेच्या आत रस्ता सपाट झाला. मला वाटलं, छातीवरचं काहीतरी उतरलं.

त्याच दुपारी त्या मुलीची आई शाळेत आली. मुलीला नुकतंच घरी आणलं होतं. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"बाई, ब्रेकर का काढलासा?"

मी म्हणाले, "अगं, मला बघवत नव्हतं तिकडे."

"तुमास्नी बघवत न्हाय म्हणून?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ऊस चार म्हैने असतोय. बाकीचे आठ म्हैने गाड्या पळत्यात. माझी पोरगी आता कुबडीवर येणार. तिला पळता येत न्हाय. गाडी हळू आली न्हाय तर तिनं रस्ता कसा वलांडायचा? आन् बारकी जूनपासनं पहिलीत येणार हाय."

मी तिची माफी मागू लागले. पायाबद्दल, उसाबद्दल, सगळ्याबद्दल. तिनं मला मध्येच थांबवलं.

"तुमाला वाईट वाटतंय, त्ये तुमचं तुमी बघा. आमाला गाड्या हळू पायजेत."

ती गेली. मुलीच्या पायावरून चाक गेलं तेव्हा मी माझ्या मनाला सांगू शकत होते, की माझा हेतू चांगला होता. ब्रेकर काढला त्याला कसला हेतू होता? फाटकातून आत येताना मला बरं वाटावं, एवढाच.

पुन्हा निपाणीला गेले. इंजिनिअर साहेबांनी मला बसवलं, चहा मागवला. त्यांनी आता स्वतः पुढाकार घेतला होता, वरून परवानगी आणायला कागद गेले होते. कागदावर रेघा मारून ते समजावू लागले. उंच ढीग नाही, रुंद आणि सपाट ओटा. इतका रुंद की कारची चारही चाकं एकाच वेळी वर असावीत. दोन्ही बाजूंना हळूहळू चढ. त्यावरच मुलांना ओलांडायचे पांढरे पट्टे, आणि अलीकडे गाड्यांना इशारा म्हणून थोडेच, पातळ पट्टे.

"त्या उंच ब्रेकरइतक्या गाड्या हळू होतील?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तेवढ्या नाही होणार. पण ट्रॅक्टर थांबणार नाही. हिसका बसणार नाही. मॅडम, थांबवायचं नसतं, हळू करायचं असतं."

कागद फिरून यायला आणि काम व्हायला आठवडे गेले. त्या आठवड्यांत रस्ता पूर्ण मोकळा होता. मी शाळा भरताना आणि सुटताना लाल कापड घेऊन रस्त्यावर उभी राहू लागले. पहिल्या दिवशी पलीकडच्या कडेला ती आई येऊन उभी राहिली. मुलगी कुबड्या घेऊन तिच्याशेजारी. आम्ही दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना, बोलत नव्हतो. ती हात वर करायची, मी कापड हलवायचे. काही गाड्या थांबायच्या, काही हॉर्न मारत तशाच जायच्या. एकदा एक जीप इतक्या जवळून गेली की माझ्या पदराला वारा लागला. तेव्हा ती पलीकडून ओरडली, "बाई, मागं सरा की! तुमी संकेश्वरच्या अंगाचं बघा, मी निपाणीच्या अंगाचं बघतो."

आमच्यात ठरलेलं असं एवढंच. पण त्यानंतर आम्ही तशाच उभ्या राहिलो, ओटा पुरा होईपर्यंत. त्या आठवड्यांत कुणाला काही झालं नाही. झालं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

ओटा झाला. हंगामात ट्रॅक्टर त्याच्यावरून न थांबता जातात, मुलांच्या हाती ऊस लागत नाही. मुलं नाराज आहेत. मोटारसायकली उब्बूवरून जायच्या त्यापेक्षा जोरात जातात, पण पट्टे एकटे असताना जायच्या तितक्या नाही. कार साधारण सायकलच्या वेगावर येतात, बहुतेक. ते 'बहुतेक' मला अजून फाटकात उभं करतं.

ती मुलगी आता निपाणीच्या हायस्कुलात जाते. बुटात कापूस भरून चालते, थोडी लंगडत. बसची वाट बघताना मैत्रिणींशी तिचं हसणं शाळेपर्यंत ऐकू येतं. मला बघितलं की "नमस्कार बाई" म्हणते, आणि मग माझी नजर खाली जाते. ती हे ओळखते. एकदा म्हणाली, "बाई, तुमी माझ्या पायाकडं नका बघू की सारखं." तिच्या बहिणीला मी आता चौथीत शिकवते. आई वाटेत भेटली की थांबते, पाऊसपाण्याचं बोलते. तिनं मला क्षमा केली का, हे मी विचारलेलं नाही आणि तिनं सांगितलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षणात बेळगावजवळच्या उचगावच्या बाजूच्या एका शाळेतल्या बाई भेटल्या. नंतर त्यांचा फोन आला. "तुमच्याकडं सगळं करून झालंय म्हणे. आमच्या शाळेपुढं गाड्या लई जोरात येत्यात. काय बसवू?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पट्ट्यांचं सांगितलं, बॅरिकेडचं, उब्बूचं, ओट्याचं.

त्यांनी विचारलं, "पण गाड्या सगळ्यांत हळू कशानं झाल्या?"

खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. उंच ब्रेकरनं. आणि मग त्या मुलीचं सांगितलं, सगळं, मी खाल्लेल्या कांड्यासकट.

त्या म्हणाल्या, "आमच्याकडं ऊस न्हाय हो, बाई. भात आन् भाजीपालाच."

मी म्हणाले, "रस्त्यावरून काय जातं आणि कडेला कोण थांबतं, ते आधी काही दिवस उभं राहून बघा."

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या. घाईत होत्या, मागून मुलांचा कालवा ऐकू येत होता.

त्यांनी उंचच ब्रेकर घातला, असं पुढे कळलं. गाड्या अगदी हळू झाल्या म्हणे, गाव खूश आहे. यजमान म्हणतात, एकदा जाऊन बघून येऊ, अंतर काही फार नाही. मी अजून गेलेले नाही.